हात झटकला की ठेवला?

मार्च महिन्यातली गोष्ट. दिवेलागण होऊन गेली होती. आईच्या खाटेशी स्टूल ओढून मी रोजरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ, म्हणत बसले होते. म्हणत होते म्हणजे चांगली मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, पहिलीच्या पोरांना कविता सांगावी तशी. नजर माळेवर नव्हती, आईच्या ओठांवर होती. दुसरं दशक, म्हणजे दहा मण्यांचा दुसरा टप्पा, संपत आलं असेल, तेवढ्यात तिचा डावा हात चादरीवरून सरकत सरकत आला आणि माझ्या मुठीवर, माळेसकट, येऊन बसला. मी क्षणभर थांबले आणि पुढची ‘नमो मारिया’ सुरू केली. हाताचा दाब वाढला. थांबले. दाब सैल झाला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा दाब. त्यानंतर मात्र माझी हिंमत झाली नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. डोक्यावर पंखा खटखटत होता. स्वयंपाकघरात वहिनीनं कुकर चढवला होता, त्याच्या शिट्ट्या झाल्या, तो उतरला. वीसेक मिनिटं गेली असतील. आईनं हात उचलून घेतला तेव्हा माझ्या तळव्यावर मण्यांचे पाच-सहा गोल वळ उठले होते.

ती वीस मिनिटं अजून माझ्या मनातून उतरलेली नाहीत.

फेब्रुवारीत तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणंही गेलं. याला वाचाघात म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. समोरच्याचं बरंचसं समजतं, पण सांगायचं असतं ते जिभेवर येत नाही. चौऱ्याऐंशी वर्षं बोलत आलेल्या बाईकडे एकच शब्द उरला: ‘अगं’. पाणी हवं असलं तरी ‘अगं’, कूस बदलायची असली तरी ‘अगं’, माझ्या भावाला हाक मारायची असली तरी ‘अगं’च. स्पीच थेरपिस्ट मुलगी मोठी प्रेमळ होती. ती म्हणाली, वर्षानुवर्षं पाठ असलेलं पुष्कळदा वाचतं. गाणी, प्रार्थना, वारांची नावं, अंक. स्वतःहून एक वाक्य बोलता न येणारी माणसं अख्खं गाणं म्हणतात. तेव्हा त्यांच्या ओळखीचं रोज त्यांच्यासोबत म्हणा. आमच्या घरात रोजरीहून ओळखीचं दुसरं काय असणार? मी त्याच संध्याकाळी सुरुवात केली. चौथ्या दिवशी ‘मारिया’पाशी तिचे ओठ मिटले आणि उघडले. ‘मा’ असा आवाजही आला. मी धावत जाऊन भावाला बोलावून आणलं. त्या दिवसापासून माझा आवाज चढला. एकेक ‘नमो मारिया’ मी तिच्यापुढे टाकत होते आणि तिच्या तोंडून काय निघतं याची वाट बघत होते. पंचवीस वर्षं शिक्षिका होते. तोंडी परीक्षा घ्यायची सवय हाडात मुरलेली असते.

आणि मग तिनं हात ठेवला.

वहिनी म्हणाली, ‘ताई, त्यांना त्रास होत असेल, हळू म्हणत जा.’ भाऊ म्हणाला, दमली असेल. मला रात्री भलताच विचार आला, की हिचा देवावरून विश्वास तर उडाला नाही? मग वाटलं, दुखण्याला विटली असेल, किंवा माझ्या आवाजाला. पुढच्या पहिल्या शुक्रवारी फादर तिला कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, द्यायला आले, तेव्हा ओटीवर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘हात झटकला की ठेवला?’

‘ठेवला,’ मी म्हटलं.

त्यावर ते काही बोलले नाहीत. चपला घातल्या, छत्री उघडली (ऊन फार होतं) आणि निघाले.

आमच्या वसईकडच्या घरांत प्रार्थना म्हणजे आवाज. मी लहान असताना संध्याकाळी देव्हाऱ्यापुढे दिवा लागला की आजोबा मांडी घालून बसत. पुढ्यात पानवेलीवरून उतरवलेली पानं असत. त्यांचे हात कवळ्या बांधत आणि तोंडानं रोजरी चाले. हाताचा आणि तोंडाचा ताल कधी चुकायचा नाही. आम्ही पोरं गुडघ्यांवर. गुडघ्याला शेणाच्या जमिनीचा गारवा, नाकात रॉकेलचा आणि हिरव्या पानांचा वास. शेवटची लितानी, म्हणजे एकेक नाव घेऊन केलेली आळवणी, आई लहानपणी शिकली तशी लॅटिनमध्ये म्हणायची. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली ती कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, साठच्या दशकात. तोपर्यंत तिच्या कितीतरी प्रार्थना अर्थ न कळताच पाठ झाल्या होत्या. ‘ओरा प्रो नोबिस, ओरा प्रो नोबिस’ (आमच्यासाठी विनंती कर) असं घर घुमायचं. गप्प बसणं ही प्रार्थना असू शकते, हे आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं. गप्प बसलेल्या पोराला ‘तोंड उघड’ म्हणून टपली बसे.

फादरांच्या त्या प्रश्नानंतर मी कपाटातून एक पुस्तक काढलं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रिट्रीटला, प्रार्थनेच्या शिबिराला, गेले होते, तेव्हा घेतलेलं. स्पेनमधल्या आविलाची संत तेरेजा, ख्रिस्ती मठातली जोगीण, हिचं आत्मचरित्र. तिनं ते 1565 मध्ये पुरं केलं. मी मात्र ते अर्ध्यावर सोडलं होतं. मध्ये खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट तसंच होतं, अकराव्या प्रकरणाशी. जिथे थांबले होते, नेमकी तिथूनच ती बागेला पाणी देण्याची गोष्ट सुरू करते.

ती म्हणते, प्रार्थनेला लागणाऱ्या माणसानं समजावं की आपण देवासाठी एक बाग करायला घेतली आहे. जमीन निकस, तणानं भरलेली. तण देव स्वतः उपटतो, रोपंही तोच लावतो. आपलं काम पाणी देण्याचं. पाणी चार तऱ्हांनी देता येतं. विहिरीतून हातानं शेंदून, हे सगळ्यांत कष्टाचं. रहाटानं, त्यात कष्ट कमी आणि पाणी जास्त. नदीचं किंवा ओढ्याचं पाणी पाटानं आणून, त्यात जमीन खोलवर भिजते आणि माळ्याला फारसं काही उरत नाही. आणि चौथं, पाऊस. त्यात माळ्याचं काहीच नाही. मधेच ती कबूल करते की ही उपमा आपण कुठेतरी वाचली किंवा ऐकली आहे, पण कुठे ते आठवत नाही. आणि रहाटाविषयी लिहिताना सहज सांगून जाते: मी स्वतः कधी कधी असं पाणी काढलेलं आहे.

या एका वाक्यानं मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले. आमच्या वाडीच्या टोकाला अजून ती जागा आहे. रहाट मोडून चाळीसेक वर्षं झाली असतील. आधी इंजिन आलं, मग विजेची मोटर. पण मला तो नीट आठवतो. विहिरीवर आडवा लाकडी तुळवट, त्यावर उभं चाक, चाकावरून खाली सोडलेली दोरांची माळ आणि तिला बांधलेली मातीची गाडगी. तिला माळच म्हणत. ओणव्यानं पाण्यात जायची, भरून वर यायची, माथ्यावर आली की पन्हळीत ओतायची आणि रिकामी होऊन पुन्हा खाली. झापड बांधलेला रेडा गोल गोल फिरत राही. लाकडावर लाकूड घासून एक लांबलचक कुरकुर निघे. पहाटे झोपेत ती ऐकू आली की समजावं, आजोबा वाडीत गेले. एखादं गाडगं फुटकं असे. ते वर येईपर्यंत निम्मं गळून जाई, तरी ते काढत नसत. आजोबा म्हणत, जेवढं येतं तेवढं येऊ दे, खाली तर आपल्याच विहिरीत पडतंय. पन्हळीतून पाणी दांडात, दांडातून वाफ्यात. आई पदर खोचून, पायानं माती ओढून एका वाफ्याचं तोंड बंद करायची, दुसऱ्याचं उघडायची. फावडं क्वचितच लागे तिला. टाचेनं आणि चवड्यानं काम भागायचं. पाणी वाफ्याच्या पार शेवटच्या रोपापर्यंत पोचलं की थांबायचं, हे ती बघून नाही, आवाजावरून ओळखायची. कोरड्या मातीत पाणी शिरतानाचा आवाज वेगळा, भिजलेल्या मातीवर चढतानाचा वेगळा.

सोळाव्या शतकातल्या त्या स्पॅनिश जोगिणीचा रहाट कसा असेल? स्पॅनिश लोक त्याला ‘नोरिया’ म्हणतात. शब्द अरबी आहे, अरबांबरोबरच तो तिकडे गेला. तिच्या आविलाला मी कधी जाणार नाही. पण तिचा हात ज्या ओल्या दोराला लागला, तसला दोर माझ्या आईच्याही हाताला लागलेला आहे, या विचारानं ती एकदम आमच्या वाडीतली झाली. त्याआधी मला ती संगमरवरी पुतळ्यातली वाटायची. डोळे मिटलेली, मान मागे टाकलेली, आपल्या आवाक्याबाहेरची.

पण मला धरून ठेवलं ते त्याच प्रकरणातल्या पुढच्या ओळींनी. पाणी शेंदायला गेलं आणि विहीरच कोरडी असली तर? ती म्हणते, किती तरी दिवस पोहरा खाली सोडायचा आणि रिकामा वर ओढायचा, असं होईल. आणि पुष्कळदा तर तेवढ्यासाठीही हात उचलणार नाहीत. तरी माळ्यानं बाग सोडून जाऊ नये. मालकाला ठाऊक आहे, तो पाण्यावाचूनही फुलं जगवू शकतो.

हात उचलणार नाहीत.

आईचा उजवा हात उशीवर ठेवला तर उशीवर राहतो, पोटावर ठेवला तर पोटावर. तेरेजाला हे लिहिताना नुसती उपमा सुचली नसावी. 1535 मध्ये, विशीत, ती मठात गेली. चारेक वर्षांत अशी आजारी पडली की 1539 च्या ऑगस्टमध्ये चार दिवस शुद्ध नव्हती. मठात तिच्यासाठी खड्डा खणून ठेवला होता. शुद्धीवर आली तेव्हा पापण्यांवर मेण लागलेलं होतं. जीभ दातांखाली चावून फाटलेली, घशाखाली पाणी उतरेना, आणि उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलवता येई, असं ती लिहिते. जवळजवळ तीन वर्षं अंग लुळं होतं. पुढे हातापायांवर रांगता यायला लागलं तेव्हा तिनं देवाचे आभार मानले. हे सगळं मी आईच्या खोलीत वाचत होते. ती डाव्या हाताच्या बोटांनी चादरीचा काठ चाचपत होती. कुणाच्या चरित्रातलं एखादं पान आपल्या घरात असं घडताना दिसलं की वाचवत नाही. मी पान उलटलं नाही, बराच वेळ.

आणखी एक गोष्ट तिनं लपवलेली नाही. बरी झाल्यावर तिनं प्रार्थना करणंच सोडलं, वर्षभराहून जास्त. आपण त्या लायकीच्या नाही, ही सबब. पुन्हा धरली तरी वर्षानुवर्षं ती तास कधी संपतो याकडे डोळे लावून बसे, घड्याळाचे टोले ऐकायला कान टवकारलेले असत. पुस्तक हातात नसेल तर प्रार्थनेला बसायचं धाडस तिला व्हायचं नाही. ते पुस्तक ढालीसारखं. अठरा वर्षं असं चाललं. जिच्या मौनावर पुढे साऱ्या ख्रिस्ती जगानं ग्रंथ लिहिले, तिची ही अठरा वर्षं मला तिच्या सगळ्या दर्शनांपेक्षा जास्त धीर देतात.

त्या काळात बाईनं गप्प बसून प्रार्थना करणं साधं नव्हतं. धर्मन्यायसभेची, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, नजर असे. 1559 मध्ये स्पेनमध्ये बंदी घातलेल्या पुस्तकांची यादी निघाली. त्यात बोलभाषेतली पुष्कळ भक्तीची पुस्तकं गेली आणि लॅटिन न येणाऱ्या बायका उघड्या पडल्या. तेरेजाला ते फार लागलं. लोक म्हणत, बायकांनी सूत कातावं, त्यांना या बारकाव्यांची काय गरज, ‘आमच्या बापा’ आणि ‘नमो मारिया’ त्यांना पुरेशा आहेत. आपल्या जोगिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकात तिनं हे टोमणे तसेच लिहून ठेवले आहेत आणि पुढे म्हटलं आहे: खरंच आहे, पुरेशा आहेत! त्याच पुस्तकात एका वयस्क जोगिणीची हकिगत येते. ती रडकुंडीला येऊन तेरेजाकडे आली. इतर जणी मौनात बसतात, मला काही केल्या जमत नाही, तोंडानं म्हणत राहिले नाही तर मन ठिकाणावर राहत नाही. तेरेजानं विचारलं, म्हणतेस काय? ‘आमच्या बापा.’ खोदून विचारल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही बाई त्या एका प्रार्थनेला धरून तिथे कधीच पोचली आहे, जिथे पोचायला बाकीच्या जणी धडपडत आहेत. फक्त तिला ते माहीत नाही.

हे वाचलं आणि आई आठवली. आजारी नव्हे, पन्नाशीतली. सकाळची मिस्सा संपली की बाया पटापट बाहेर पडत. कुणाला बाजार गाठायचा असे, कुणाला गाडी. आई मागच्या बाकावर बसून राही. हातात माळ, पण मणी पुढे सरकत नसत. मी नोकरीला नवी लागले होते, रविवारीही घरी कामं पडलेली असत. मला राग यायचा. मी दाराशी उभी राहून चप्पल वाजवायची. मला वाटे, तेवढाच काय तो तिला घरातून सुटका मिळण्याचा वेळ, म्हणून बसते. एकदा विचारलंही होतं, ‘एवढं काय मागत असतेस गं?’ ती म्हणाली, ‘मागायचं काय? घरी मागतेच की दिवसभर.’ मी ते उत्तर टाळाटाळीचं म्हणून सोडून दिलं. फ्रान्समधल्या आर्स गावच्या शेतकऱ्याची गोष्ट आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरांना हमखास सांगतो. तिथले पाद्री संत जॉन व्हिआनी यांनी चर्चमध्ये तासन्‌तास नुसत्या बसणाऱ्या एका शेतकऱ्याला विचारलं, काय करतोस? तो म्हणाला, मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो. ही गोष्ट मी किती वर्गांत सांगितली असेल! विटेवर उभ्या असलेल्याचं श्रीमुख आवडीनं पाहणं हेच आपलं सगळं सुख, असं तुकोबांनी म्हणून ठेवलेल्या मुलखात ती समजावून सांगायला कष्टही पडत नाहीत. आणि घरातली बाई मागच्या बाकावर तेच करत होती, तेव्हा मी चप्पल वाजवत होते.

पण माझं मन इथे निवांत झालं, असं नाही. कारण एक बोच राहतेच. त्या संध्याकाळपासून मी रोजरी मोठ्यानं म्हणणं थांबवलं. ‘मा’ आला होता, कदाचित ‘मारिया’ आला असता. कदाचित त्या धाग्याला धरून दुसरे शब्द आले असते. मी मौनाच्या नावाखाली आळस तर करत नाही ना? आईचा हात मला सोयीचा तर वाटला नाही? स्ट्रोकनंतरचे पहिले काही महिने मोलाचे असतात, हे थेरपिस्टनं बजावलेलं होतं. रात्री दोन वाजता जाग आली की हाच हिशोब चाले.

इथे मला तेरेजापेक्षा तिचा तरुण सोबती, क्रुसाचा संत योहान, जवळचा वाटला. तो या बाबतीत फार कडक आहे. 1577 च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या विरोधकांनी त्याला धरून तोलेदोच्या मठात कोंडलं. सहा फूट रुंद, दहा फूट लांब खोली, वरच्या बाजूला एक फट, तेवढाच उजेड. जवळजवळ नऊ महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तो तिथून निसटला. पण तोवर त्या अंधारात त्याच्या मनात कविता तयार झाल्या होत्या. शब्दांतली प्रार्थना सोडून मौनात कधी जावं, याच्या त्यानं तीन खुणा दिल्या आहेत. पूर्वीसारखं चिंतन होईनासं होतं, त्यात रस राहत नाही. दुसऱ्या कशातही मन रमवावंसं वाटत नाही. आणि तिसरी, सगळ्यांत खरी: एकटं बसून, काही विशेष विचार न करता, देवाकडे प्रेमानं लक्ष देऊन राहावंसं वाटतं. तिन्ही एकत्र हव्यात, असं तो बजावतो. नुसती पहिली असेल तर तो निष्काळजीपणाही असू शकतो, पहिल्या दोनच असतील तर उदासीचा आजारही. आईच्या बाबतीत पहिल्या दोन खुणा मला दिसत होत्या. तिसरी कशी दिसणार? ती दुसऱ्याला दिसायची गोष्टच नाही. मला दिसत होता तो फक्त हात. झटकलेला नव्हता, ठेवलेला होता.

शेवटी मी दिवस वाटून टाकला. सकाळी चहानंतर अर्धा तास अभ्यास. सोमवार, मंगळवार, एक, दोन, तीन, लग्नातली गाणी. गाण्यांना ती छान साथ देते, सूर तर पक्का आहे. कधी एखाद्या ओळीचा शेवटचा शब्दही जोडते आणि स्वतःच दचकून माझ्याकडे बघते. संध्याकाळ मात्र मोकळी. रोजरी मी आधी ओटीवर, माझी मी म्हणून घेते. मग तिच्याजवळ जाऊन बसते, वीस-पंचवीस मिनिटं.

काय होतं त्या वेळात? खरं सांगायचं तर पुष्कळदा काहीच नाही. गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. डायपरचं पाकीट संपत आलंय. भावाशी सकाळी उगाच तुटक बोलले. डास चावतो, तो मारावा की नाही याचा निर्णय होईस्तोवर उडून जातो. तेरेजा टोल्यांकडे कान लावायची, मी भिंतीवरच्या काट्याकडे बघते. काही वेळा डुलकी लागते. फ्रान्समधल्या लिझ्यूची जोगीण, धाकटी तेरेज, जी 1897 मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयानं गेली, तिलाही प्रार्थनेत झोप लागायची. ती म्हणे, आईबापांना झोपलेलं मूलही जागं असलेल्या मुलाइतकंच आवडतं. हे आठवून मी स्वतःला माफ करते. आणि एखाद्या दिवशी, आठवड्यातून एकदा म्हणा, दोन-चार मिनिटं अशी जातात की त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही हाती लागत नाही. खोली तीच, पंखा तोच. फक्त मी कुणाची परीक्षा घेत नसते. एवढंच.

चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये कुणा अनाम माणसानं अशा प्रार्थनेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तो म्हणतो, देव आणि आपल्यामध्ये न-कळण्याचा एक ढग आहे. तो बुद्धीनं फुटत नाही. फार शब्द कशाला, एक छोटासा शब्द पुरे, जेवढा आखूड तेवढा बरा. आग लागली की माणूस भाषण करत नाही, एकच शब्द ओरडतो आणि लोक धावत येतात. हे वाचल्यापासून आईचं ‘अगं’ मला वेगळं ऐकू येतं. मराठीत ‘अगं’ला अर्थ काय? काहीच नाही. ती नुसती हाक आहे. पुढे काहीतरी यायचं असतं, ते तिच्याकडे येत नाही, हाक तेवढी उरते. ‘आमच्या बापा’ची सुरुवात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. त्यातलं पुढचं सगळं पुसलं गेलं आणि नुसतं ‘हे’ राहिलं, तर ती प्रार्थना कमी झाली का? शिक्षिका म्हणून मी इतकी वर्षं पुढच्या शब्दांना मार्क देत आले. ‘हे’ला कधी दिला नाही.

मे महिना लागला. गावच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी रोजरी असते, माळा घालून क्रूस सजवतात, शेवटी पोरांना चणे आणि सरबत. पूर्वी हे सगळं आईच्या हातात असे. परवा भाऊ आणि वहिनी तिकडे गेले. जाताना भावानं वाडीतल्या केळींना मोटर लावून ठेवली. घरी आम्ही दोघीच. क्रुसाकडून पन्नास-साठ जणांचा एकत्र आवाज लाटांसारखा यायचा, एक बाजू सुरू करायची, दुसरी पुरी करायची. आईचे डोळे अर्धवट मिटलेले होते. मला वाटलं, ती तिकडच्या रोजरीत आहे. मीही डोळे मिटले.

‘अगं,’ आई म्हणाली.

डोळे उघडले तर तिचा डावा हात माझ्या मनगटावर. मी पाण्याचा पेला पुढे केला, तिनं तोंड फिरवलं. उशी नीट केली, तेही नाही. ‘अगं,’ पुन्हा, जरा चढ्या आवाजात. आणि मग एक बोट खिडकीकडे. बाहेर अंधार, केळीची पानं, काही दिसेना. मी कान दिले, तेव्हा लक्षात आलं. रोजरीच्या आवाजाखालून मोटरीचा आवाज येत होता आणि तो बदललेला होता. पाणी ओढताना तो जड, भरल्या गळ्यासारखा असतो. आता तो हलका आणि चिरका झाला होता, मधूनच गुळगुळ. विहीर तळाला गेली होती. मोटर नुसती हवा ओढत कोरडी फिरत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर जळलीच असती.

मी तशीच अनवाणी धावले, वाडीच्या कोपऱ्यातल्या खोपटात जाऊन खटका खाली ओढला. एकदम सगळं शांत झालं. मोटरीच्या अंगावरून गरम हवा येत होती. विहिरीत डोकावले. पाणी दिसलं नाही, पण खाली झऱ्याचा आवाज होता, थेंब थेंब. परत येताना पायाखाली वाफा लागला, अर्धा भिजलेला, अर्धा कोरडा. मनात आलं, पन्नास जणांच्या रोजरीतून हिला हे ऐकू आलं. मार्चमधल्या त्या संध्याकाळी ती काय ऐकत होती, जे माझ्या आवाजामुळे तिला ऐकू येत नव्हतं?

खोलीत आले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. डावा हात चादरीवर उताणा पडला होता. माझ्या पायांना चिखल लागलेला होता, तो पुसायला मी गेले नाही. स्टूलवर बसले आणि तिच्या हातावर हात ठेवला.